रात्रपाळीत कॉर्टिसॉल ‘वाढतं’ की ‘संपतं’? जरा सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. दर आठवड्याला बदलणारी पाळी, अशी काही वर्षं गेली. नाइटच्या आठवड्यात सकाळी अंथरुणाला पाठ टेकली तरी चार तासांवर झोप टिकत नाही. पोटाचा घेर वाढतोय. नाइट संपवून तसंच लॅबमध्ये जाऊन सकाळी ८ वाजता रक्त दिलं, तर कॉर्टिसॉल संदर्भ मर्यादेच्या किंचित खाली निघालं. एक जण म्हणतो, ताणाचं हार्मोन वाढलंय म्हणून पोट सुटलंय. दुसरा रिपोर्ट बघून म्हणतो, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथी थकल्या. दोघांपैकी कुणाचं खरं, शरीराला कधीतरी याची सवय होईल का, आणि कॉर्टिसॉल ताळ्यावर आणायच्या गोळ्या घ्याव्यात का?

उत्तर आधी देते, कारणं मग. पहिल्याचं अर्धवट खरं आहे, दुसऱ्याचं अजिबात नाही. पूर्ण सवय बहुतेकांना होत नाही. गोळ्या घेऊ नका. आणि तो रिपोर्ट ज्या वेळी काढला त्यामुळे त्यावरून जवळजवळ काहीच ठरवता येत नाही. मी व्यावसायिक आरोग्यात काम करते. पाळीत काम करणाऱ्यांच्या तपासण्या आणि रोस्टरवरून होणारे वाद यांत माझा बराच वेळ जातो. ‘कॉर्टिसॉल वाढलंय का?’ असं मला सतत विचारलं जातं आणि दर वेळी मी उलट विचारते: कधीचं?

ताण आला की कॉर्टिसॉल वाढतं हे खरंच. पण कुणी दिवसभर निवांत पडून राहिलं तरी ते एका पातळीवर नसतं. नेहमी रात्री झोपणाऱ्या माणसात मध्यरात्रीच्या आसपास ते तळाला असतं, पहाटे दोन-तीननंतर चढायला लागतं आणि जाग येण्याच्या सुमारास शिखराजवळ पोचतं. जाग आल्यावर ३० ते ४५ मिनिटांत आणखी एक उसळी येते, मग दिवसभर उतरण. ती उतरणही गुळगुळीत नसते, साधारण तासा-दीड तासाने एकेक लाट येत राहते. पहाटेच्या चढाला काम असतं: यकृतातून साखर सोडायची, रक्तदाब उठून उभं राहण्याजोगा करायचा, शरीर दिवसासाठी तयार ठेवायचं. म्हणजे हे कॉर्टिसॉल ताणावर येत नाही, पुढच्या काही तासांत काय लागेल या अंदाजावर येतं.

हा अंदाज बांधतो कोण? मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात तिथून लगेच वर, पेशींचे दोन इवले पुंजके आहेत. दोन्ही मिळून जेमतेम २०,००० पेशी. हे मुख्य घड्याळ. त्याची स्वतःची चाल २४ तासांहून किंचित सैल असते. हार्वर्डमध्ये १९९९ साली झालेल्या मोजणीत ती सरासरी २४.२ तासांच्या आसपास निघाली. म्हणून ते रोज जुळवून घ्यावं लागतं आणि ते काम उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशींमध्ये मेलॅनोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला ते सर्वांत जास्त प्रतिसाद देतं आणि दिवस की रात्र ही बातमी या पुंजक्यांना थेट पोचते. घड्याळाची आतली यंत्रणा जनुकांची आहे. कोनोप्का आणि बेंझर यांनी १९७१ मध्ये फळमाशीत तिचा पहिला धागा शोधला. ती उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

तीच यंत्रणा यकृतात, स्वादुपिंडात, चरबीत, हृदयात, जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. आणि इथे कॉर्टिसॉलचं दुसरं, कमी बोललं जाणारं काम सुरू होतं. यकृताला उजेड दिसत नाही. त्याला वेळ कळते ती जेवणावरून, शरीराच्या तापमानावरून आणि कॉर्टिसॉलवरून. २००० साली उंदरांना कॉर्टिसॉलसारखं काम करणारं डेक्सामेथासोन देऊन पाहिलं, तेव्हा यकृत, मूत्रपिंड आणि हृदयातली घड्याळं सरकली. मेंदूतलं मुख्य घड्याळ जागचं हललं नाही. शाळेची घंटा जरा मोठ्याने वाजली म्हणून फारसं बिघडत नाही, भलत्या वेळी वाजली की सगळे वर्ग चुकतात. कॉर्टिसॉलचं तसं आहे.

आता नाइटची पहिली रात्र घ्या. सगळी हार्मोन्स एकाच मालकाची चाकरी करत नाहीत. वाढीचं हार्मोन आणि प्रोलॅक्टिन बरंचसं झोपेच्या मागे जातात. तुम्ही दुपारी झोपलात तर तेही दुपारी येतात. कॉर्टिसॉल आणि मेलाटोनिन (रात्र झाल्याची खूण देणारं हार्मोन) मात्र घड्याळाला धरून राहतात. म्हणून पहाटे तीनला तुम्ही कामावर उभे असता तेव्हा कॉर्टिसॉल तळातून नुकतं वर निघालेलं, मेलाटोनिन भरात आणि शरीराचं तापमान उतरत चाललेलं. ते तापमान साधारण चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली जातं. डोळ्यांवरची झापड तेव्हाच सर्वांत जड असते. मग सकाळी घरी येऊन आडवं व्हावं, तर कॉर्टिसॉल शिखरावर आणि तापमान चढणीला. झोपेचा पहिला टप्पा कॉर्टिसॉलला थोडं दाबतो, पण त्या चढाला पुरून उरत नाही. थकव्याच्या जोरावर तीन-चार तास झोप लागते, थकवा थोडा उतरला की घड्याळ उठवून बसवतं. खिडकीबाहेरचा आवाज हे निमित्त असतं. तुमच्या चार तासांचं कारण हे आहे. मनाचा कमकुवतपणा किंवा ‘झोपायची शिस्त नाही’ वगैरे काही नाही.

ॲड्रिनॅलिन हे त्याच ग्रंथींतून येणारं, रक्तदाब चढवणारं ताणाचं दुसरं हार्मोन; त्याची बाजूही इथेच उरकते. रात्री झोपेत रक्तदाब एरवी १० ते २० टक्के उतरतो. जागं राहून, उभं राहून काम करताना ही उतरण मिळत नाही आणि दिवसाच्या तुटक झोपेत ती पुरती भरून निघत नाही. हृदयाला रोजची जी सुट्टी मिळायला हवी ती कापली जाते.

पण खरी गडबड पुढच्या दोन-तीन रात्रींत होते, आणि मला वाटतं या विषयातला सर्वांत महत्त्वाचा शोध तोच आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना तीन दिवस रात्रपाळीचं वेळापत्रक दिलं आणि मग त्यांच्या रक्तातले घटक चोवीस तास मोजले. मेलाटोनिन आणि कॉर्टिसॉल, म्हणजे मुख्य घड्याळाचे काटे, सुमारे दोन तासच सरकले होते. पचनाशी आणि चयापचयाशी जोडलेले घटक मात्र जवळजवळ १२ तास उलटले होते, कारण ते जेवणाच्या आणि झोपेच्या नव्या वेळांमागे गेले. म्हणजे तीन नाइटनंतर शरीर रात्रीचंही झालेलं नसतं आणि दिवसाचंही उरत नाही. मेंदू एका गावात, यकृत दुसऱ्या.

याची किंमत २००९ मधल्या एका प्रयोगात दिसली होती. १० जणांना २८ तासांच्या ‘दिवसा’वर ठेवलं, त्यामुळे एका टप्प्यावर त्यांची झोप आणि जेवण घड्याळापासून बरोबर १२ तास उलटं पडलं. कॉर्टिसॉलची लय झोपेच्या हिशेबाने पूर्ण उलटी झाली. पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन १७ टक्के घटलं. इन्सुलिन २२ टक्के वाढूनसुद्धा साखर ६ टक्के वर राहिली. सरासरी रक्तदाब ३ टक्के चढला. साखरेची पुरेशी मोजमापं मिळालेल्या आठ जणांपैकी तिघांची जेवणानंतरची साखर मधुमेहपूर्व पातळीत गेली, आणि हे अवघ्या काही दिवसांत. तुमच्या पोटाच्या घेराचं उत्तर मी इथे शोधेन. भूक आवरणारं हार्मोन कमी, इन्सुलिनचं काम ढिलं, त्यात रात्रीचं खाणं आणि कमी झोप. एकट्या कॉर्टिसॉलच्या माथी ते मारणं सोपं असतं, पण पुराव्याला धरून होत नाही.

मग पहिल्या माणसाचं अर्धं खरं कुठे? कॉर्टिसॉलचा तळ वर येतो. पुरेशी झोप मिळाली नाही की दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं कॉर्टिसॉल, जे उतरायला हवं, ते वर रेंगाळतं. शिकागोत १९९७ आणि १९९९ मध्ये तरुणांवर केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं. केसांमध्ये महिनोन्महिन्यांचं कॉर्टिसॉल साठून राहतं, ते २०११ मध्ये मोजलं तेव्हा पाळीत काम करणाऱ्यांत जास्त निघालं, विशेषतः चाळिशीच्या आतल्यांत. हे दुर्लक्ष करण्याजोगं नाही. पण पुष्कळदा त्याचं मूळ झोपेच्या तुटवड्यात असतं, आणि म्हणून उपायही झोपेवर करायचा असतो.

आता तो रिपोर्ट. सकाळी ८ च्या कॉर्टिसॉलची संदर्भ मर्यादा रात्री झोपून सकाळी उठलेल्या माणसासाठी असते. तुम्ही उठलाच नव्हता, तुम्ही रात्रभर जागे होता. त्यामुळे उठल्यानंतरची उसळी तुमच्या नमुन्यात असण्याचा संबंधच नाही. शिवाय आठवडाभराच्या नाइटनंतर घड्याळ थोडं उशिराकडे सरकलेलं असू शकतं, म्हणजे तुमचे ८ हे शरीराच्या लेखी पहाटेचेही असू शकतात. उलट बाजूही आहे: कॉर्टिसॉल फार जास्त बनण्याच्या आजारासाठी रात्री उशिराच्या लाळेची तपासणी करतात, ती पाळीत काम करणाऱ्यांसाठी योग्य ठरत नाही, असं हार्मोनतज्ज्ञांच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटलं आहे. थायरॉइडचं टीएसएच जागरणानंतर चढलेलं दिसतं. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन झोपेबरोबर वाढतं, म्हणून नाइटनंतर ते खोटं कमी दिसू शकतं. गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तातलं एकूण कॉर्टिसॉल वर दिसतं, कारण त्याला वाहून नेणारं प्रथिन वाढतं. नाइट उतरल्या उतरल्या ‘आलोच आहे तर सगळंच करून टाकू’ म्हणून रक्त देणारे रोज भेटतात, आणि मग त्या आकड्यांमागे महिने जातात.

तपासणी पुन्हा करायचीच असेल तर नाइट संपून काही दिवस रात्रीची नीट झोप झाल्यावर करा. नमुना उठल्यानंतर तासाभरात द्या. फॉर्मवर उठण्याची वेळ आणि शेवटची नाइट कधी होती ते लिहा; लॅब विचारत नाही, तुम्ही लिहायचं. मात्र खरोखर कमी कॉर्टिसॉल हा गंभीर आजार असतो, तो पाळीच्या नावावर खपवू नका. वजन आपोआप घटणं, उभं राहिलं की चक्कर, उलट्या, कातडी काळवंडणं, किंवा गेल्या काही महिन्यांत स्टेरॉइडच्या गोळ्या, सांध्यातली इंजेक्शनं, जास्त मात्रेचे इनहेलर हे काही असेल तर थांबू नका. त्यासाठी एसीटीएच (ग्रंथीला कॉर्टिसॉल बनवायला सांगणारं हार्मोन) देऊन करायची तपासणी असते आणि तिला सकाळची वेळ गाठावी लागत नाही. सकाळचं कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर ते ‘किंचित कमी’ नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

‘थकलेल्या ॲड्रिनल’ हे निदान हार्मोनतज्ज्ञ मान्य करत नाहीत. ग्रंथी ताणाने दमून काम सोडते असं होत नाही. या नावाने विकली जाणारी पूरकं तर मला धोकादायक वाटतात. २०१८ मध्ये अशी १२ उत्पादनं तपासली गेली, त्या सगळ्यांत थायरॉइडचं हार्मोन सापडलं आणि निम्म्याहून अधिक उत्पादनांत कुठलं ना कुठलं स्टेरॉइड हार्मोन. बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की स्वतःची ग्रंथी खरंच मंदावते, म्हणजे नसलेला आजार लागायची सोय.

सवयीबद्दल. २००८ मध्ये कायम रात्रपाळी करणाऱ्यांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला: मेलाटोनिनची लय पूर्ण जुळलेले ३ टक्क्यांहून कमी, बऱ्यापैकी जुळलेले पाव भागाहून कमी. हे कायम नाइटवाल्यांचं. फिरत्या पाळीचा विषयच सोडा. भर समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर मात्र आठवडा-दीड आठवड्यात घड्याळ वळलेलं दिसतं. तिथे पाळी संपली की सकाळच्या उन्हातून घरी जायचं नसतं आणि सुट्टीच्या दिवशी कुटुंबाबरोबर दिवसा जागायचंही नसतं. आपल्याला अडवतात ते हेच दोन.

यावरून पुढचा सल्ला निघतो, आणि तो रोस्टर बघून बदलतो. दोन-तीनच नाइट असतील तर घड्याळ वळवायच्या फंदात पडू नका. रात्र निभावून न्या आणि परत या. सलग बऱ्याच नाइट असतील तर अर्धवट वळवणं जमतं. नियम असा, की शरीराचं तापमान तळाला जाण्याआधीचा उजेड घड्याळ पुढे, म्हणजे उशिरावर ढकलतो, त्यानंतरचा उजेड ते मागे, म्हणजे लवकरवर ओढतो. म्हणून पाळीच्या पहिल्या अर्ध्यात भरपूर उजेड घ्या, पहाटे तीन-चारनंतर जमेल तितका कमी करा, आणि घरी जाताना गडद चश्मा लावा. गाडी स्वतः चालवत असाल आणि डोळे मिटत असतील, तर चश्म्याचा विचार सोडा आणि गाडीचाही. सलग १७ तास जागं राहिलं की हालचाली रक्तातल्या ०.०५ टक्के मद्याइतक्या ढिल्या होतात, २४ तासांनी ०.१ टक्क्याच्या आसपास. हे १९९७ साली मोजलेलं आहे. सकाळच्या झोपेइतकीच मला नाइटनंतरच्या त्या प्रवासाची काळजी वाटते.

तुमची आठवड्याची पाळी माझ्या मते सर्वांत वाईट: निभावून न्यायला लांब, वळायला तोकडी. तिच्यात झोप दोन तुकड्यांत घ्या. सकाळी घरी आल्याबरोबर मिळेल तेवढी, आणि पाळीला निघण्याआधी दीड-दोन तासांची दुसरी. सुट्टीच्या दिवशीही रोजच्या झोपेचे निदान तीन-चार तास एकाच वेळेत पडतील असं बघा. घड्याळाला तेवढा खुंटा पुरतो. पाळीत डुलकीची मुभा असेल तर २० ते ३० मिनिटं, आणि उठल्यावर पाव तास कुठलंही जोखमीचं काम हातात घेऊ नका. कॅफीन पाळीच्या सुरुवातीला थोडं थोडं. झोपेच्या सहा तास आधी घेतलेली मोठी मात्राही झोपेचा तासाहून अधिक वेळ खाते.

खाण्याचा उपाय मला सर्वांत जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो बराचसा आपल्या हातात असतो. २०२१ च्या एका प्रयोगात नकली रात्रपाळीत काहींना रात्रीही जेवण दिलं, काहींना फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची साखर ६.४ टक्के वाढली. दिवसाच जेवणाऱ्यांची लक्षणीय वाढली नाही, झोपेची उलथापालथ तीच असूनही. मुख्य जेवण पाळीच्या आधी घ्या, मध्यरात्र ते सकाळी सहा शक्य तितकं रिकामं ठेवा, अगदीच लागलं तर थोडंसं हलकं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधं चालू असतील त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हे करू नये.

मेलाटोनिनबद्दल लोक फार आशेने विचारतात. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात दिवसाची झोप त्याने सरासरी २४ मिनिटांनी वाढलेली दिसली. तेवढ्यासाठी घ्यायचं असेल तर डॉक्टरला विचारून घ्या, पण अंधाऱ्या खोलीच्या आधी नव्हे.

रोस्टर तुमच्या हातात नसतं, पण बोलता येतं. पाळी सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे फिरावी; घड्याळ मुळातच सैल असल्याने त्याला उशिरा जाणं सोपं, लवकर येणं अवघड. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या युटामधल्या एका खनिज कारखान्यात पाळ्यांची दिशा पुढची केली आणि बदल आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी केला, तेव्हा कामगारांचं समाधान, तब्येत आणि उत्पादन तिन्ही सुधारलं. दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तास हवेत. युरोपीय संघात तो कायदाच आहे. संध्याकाळची पाळी संपवून दुसऱ्या दिवशी पहाटे हजर व्हायला लावणारं रोस्टर दिसलं तर आधी त्यावर बोट ठेवा, नाइट कमी करण्याची मागणी नंतर.

दीर्घकाळच्या धोक्यांबद्दल घाबरवण्याइतकं कोणी सांगेलच, म्हणून फक्त आकडे. २०१२ च्या एकत्रित विश्लेषणात पाळीतल्या कामाने हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी, पक्षाघाताचं ५ टक्क्यांनी जास्त दिसलं. अमेरिकेतल्या परिचारिकांमध्ये फिरत्या रात्रपाळीची वर्षं वाढतील तसा मधुमेह वाढत गेला. कर्करोगाच्या जागतिक संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं, पण २०१६ चा ब्रिटनमधला मोठा अभ्यास स्तनाच्या कर्करोगाशी संबंध दाखवत नाही; वाद मिटलेला नाही. आधीपासून अपस्मार, बायपोलर आजार, नुकताच झालेला हृदयविकार किंवा आवरत नसलेली साखर असेल, तर मी नाइट बंद करण्याचं पत्र फार विचार न करता देते.

शेवटी एक गोष्ट विचारून घ्या, घरच्यांना. तुम्ही घोरता का, झोपेत श्वास अडकून दचकता का? पोटाचा घेर वाढलेला, झोप तुटक, दिवसभर डोळे जड, हे सगळं झोपेत श्वास थांबण्याच्या आजारातही जसंच्या तसं असतं. त्यातही रात्रीचं ॲड्रिनॅलिन आणि रक्तदाब चढतो, आणि तो पाळी बदलून बरा होत नाही. पाळीत काम करणाऱ्यांमध्ये तो वर्षानुवर्षं निसटतो, कारण प्रत्येक तक्रारीला नाइटचं उत्तर आधीच तयार असतं. उत्तर हो असेल तर कॉर्टिसॉल बाजूला ठेवा आणि आधी झोपेची तपासणी करून घ्या, पण तीही ज्या आठवड्यात रात्री झोपत असाल त्याच आठवड्यात.